संदर्भ क्रमांक सत्त्याऐंशी

"हे नाव काढ," सबनीस मॅडम म्हणाल्या.

माझ्या प्रबंधाची शेवटची पानं त्यांच्या टेबलावर पसरलेली होती. दोनशे बारा संदर्भांची यादी. मॅडमच्या लाल पेनाचं टोक सत्त्याऐंशीव्या ओळीवर टेकलेलं होतं. वरच्या ओळीत केरळातल्या एका शास्त्रज्ञाचं नाव, खालच्या ओळीत एका जपानी बाईंचं, आणि मध्ये: खवणेकर, द्वारका. मुलाखत. सातेरवाडी.

"कोण या?"

त्यांना माहीत होतं. तरी त्यांनी विचारलं, म्हणून मीही सांगितलं, "माझ्या सासूबाई."

मॅडमनी चष्मा काढून कागदांवर ठेवला. त्या चिडल्या नव्हत्या. डॉ. नलिनी सबनीस या माझ्या मार्गदर्शक, आणि पाच वर्षांत त्यांनी माझी एकही ओळ न वाचता पुढे जाऊ दिली नव्हती. त्या दिवशीही त्यांनी मला खुर्चीवर बसवून, चहा मागवून समजावलं. पहिल्या पानावर हेमलता खवणेकर, सत्त्याऐंशीला द्वारका खवणेकर, हे वाचणाऱ्याला घरचा मामला वाटेल. सासूबाईंची शाळा किती, तर तिसरी. विज्ञानाच्या प्रबंधात घरच्या माणसाचं बोलणं पुरावा म्हणून कसं चालेल? आणि सगळ्यात मोठी गोष्ट त्यांनी शेवटी सांगितली. आपल्या किनाऱ्यावरच्या शिंपल्यांवर काम केलेली माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, त्यामुळे बाहेरचे परीक्षक म्हणून डॉ. रत्नाकर बोरवणकरच येणार, हे जवळजवळ नक्की होतं. आणि माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष त्यांच्याच गाजलेल्या लेखाच्या विरुद्ध जात होता.

"तुझी सूक्ष्मदर्शकाच्या स्लाइड्सची मेहनत आहे, ती पुरेशी आहे. त्यावर तू उभी राहशील," त्या म्हणाल्या. "पण त्यांच्या लेखासमोर सासूबाईंना उभं करू नकोस. त्यांना ऋणनिर्देशात घे. पहिल्या पानावर घे, छान चार ओळी लिही."

मी मान डोलावली. मॅडमच्याच खोलीत लॅपटॉप उघडला.

ते सॉफ्टवेअर मला ग्रंथालयातल्या इक्बाल मुजावर यांनी दिलं होतं. त्याआधी मी माझे संदर्भ पुठ्ठ्याच्या कार्डांवर लिहीत असे आणि चपलांच्या खोक्यात ठेवत असे. मुजावरांनी एकदा ते खोकं बघितलं, शेजारची खुर्ची ओढली आणि झोटेरो नावाचं एक सॉफ्टवेअर माझ्या लॅपटॉपवर उतरवून दिलं. फुकट होतं. लेख सापडला की एक बटण दाबायचं, लेखक, वर्ष, मासिक, सगळं आपापल्या रकान्यात जाऊन बसायचं. प्रबंधात हव्या त्या वाक्यापुढे संदर्भ टाकला की शेवटची यादी आपोआप तयार. मधला एखादा काढला की पुढचे सगळे क्रमांक आपणहून एकेकानं मागे सरकायचे.

तसंच झालं. मी द्वारका खवणेकर हे नाव जिथं जिथं होतं तिथून काढलं. दोनशे बाराचे दोनशे अकरा झाले. जपानी बाई सत्त्याऐंशीवर आल्या. यादीत कुठं भोक पडलेलं दिसलं नाही. एखादं माणूस इतकं सफाईनं काढता येतं, हे मला त्या दिवशी कळलं, आणि विद्यापीठापासून सातेरवाडीपर्यंतच्या पाच तासांच्या एसटी प्रवासात मला काही केल्या डुलकी लागली नाही.

मी मूळची बार्शीची. वयाच्या तेविसाव्या वर्षापर्यंत समुद्र पाहिला नव्हता. बी.एड.ला असताना गुरुनाथ खवणेकर भेटला, वर्षभरात लग्न झालं आणि मी सातेरवाडीला आले. घरामागेच खाडी. माझ्या सासऱ्यांना जाऊन तेव्हा दहा वर्षं झाली होती. सासूबाई रोज ओहोटीला खाडीत उतरायच्या, चिखलातून मुळे काढायच्या आणि बाजारात नेऊन विकायच्या. मुळे म्हणजे तिसऱ्यांच्याच कुळातल्या जाड कवचाच्या शिंपल्या. त्यांवरच त्यांनी गुरुनाथला शिकवलं होतं.

मी प्राणिशास्त्राची. लग्नानंतर पहिल्याच महिन्यात हौसेनं त्यांच्यामागे खाडीत उतरले आणि गुडघाभर चिखलात रुतून बसले. त्या हसल्या नाहीत. पाय कसा टाकायचा ते दाखवलं. मग चिखलावरच्या दोन बारीक भोकांवरून खाली मुळा आहे की खेकडा, ते कसं ओळखायचं ते दाखवलं. असं करता करता पाच-सहा वर्षं गेली. मी तालुक्याच्या कॉलेजात तासिकेवर शिकवत होते. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी होती, आणि विषय शोधायला मला लांब जावं लागलं नाही.

विषय असा होता: सातेरवाडीच्या खाडीतले मुळे कमी का होत आहेत. वीस वर्षांपूर्वी बोरवणकर सरांनी याच खाडीवर लेख लिहिला होता. मुळ्यांची वीण फाल्गुन-चैत्रात, म्हणजे मार्च-एप्रिलमध्ये होते, असा त्यांचा निष्कर्ष. तो लेख सगळीकडे उद्धृत झाला. त्याच वर्षी आमच्या वाडीच्या मच्छीमार सोसायटीनं त्याच्याच आधारानं शिमग्यापासून दीड महिना खाडीत उतरायला बंदी घातली. बंदी पाळली गेली, तरी मुळे घटतच राहिले. बायका दर शिमग्याला सोसायटीच्या नावानं बोटं मोडायच्या.

मी नमुने गोळा करायला सुरुवात केली तेव्हा सासूबाईंनी मला विचारलं, काय शोधतेस. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ते शोधायचं काय, मुळ्यांचं बी वर्षातून दोनदा पडतं. दसऱ्याला पडतं ते मोठं, शिमग्याला पडतं ते थोडं. मांस दुधाळ झालं की समजायचं. मी फोनवर त्यांचं बोलणं ध्वनिमुद्रित केलं, तारीख टाकली. मग तीन वर्षं, दर महिन्याला, छत्तीस वेळा नमुने घेतले, प्रयोगशाळेत कापले, स्लाइड्स केल्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघितल्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरला मोठी वीण, मार्चला लहान. त्यांनी सांगितलं होतं तस्संच. आणि बंदी होती ती लहान विणीच्या काळात. दसऱ्याला, जेव्हा खाडीला मोकळीक द्यायला हवी, तेव्हाच सगळ्यात जास्त मुळे काढले जात होते.

ही मुलाखत यादीत कशी घालायची ते मला कळेना, तेव्हाही मी मुजावरांकडेच गेले होते. पुस्तक नाही, लेख नाही, लेखिका काही लिहीत नाही. त्यांनी नोंदीचा प्रकार निवडायची यादी उघडली आणि खाली खाली सरकवत नेली. पुस्तक, लेख, प्रबंध, नकाशा, पत्र, मुलाखत.

"हे सॉफ्टवेअर कुणाचं शिक्षण विचारत नाही, मॅडम," ते म्हणाले. "नाव आणि तारीख मागतं. दोन्ही आहे ना तुमच्याकडे?"

दोन्ही होतं. आणि आता मी ते काढून टाकलं होतं.

घरी पोचले तेव्हा दुपार कलली होती. सासूबाई ओटीवर बसून मुळे फोडत होत्या. काम झालं का म्हणाल्या. मी म्हटलं, झालं जवळजवळ. नाव काढल्याचं सांगायचं धैर्य झालं नाही. मी त्यांच्याशेजारी बसले, आणि अपराधी वाटत होतं म्हणून असेल, बोरवणकर सरांचा लेख बाहेर काढला. त्यांनी पूर्वी दोन-तीनदा विचारलं होतं की आमच्या खाडीबद्दल त्या साहेबानं लिहिलंय तरी काय. वाचून दाखवायचं राहूनच गेलं होतं. तो इंग्रजीतला लेख मी त्यांना मराठीत सांगू लागले.

मोठ्या खडपाच्या, म्हणजे पाण्यातल्या कातळाच्या, पूर्वेला वाळू जास्त, तिथले मुळे फिकट कवचाचे. खाजणाकडच्या, म्हणजे खाऱ्या दलदलीकडच्या, बाजूला चिखल काळा, तिथले आकारानं मोठे. पौर्णिमेच्या ओहोटीला पाणी तिसऱ्या खुंटापर्यंत उतरतं. हे सगळं, लेखात लिहिल्याप्रमाणे, "एका स्थानिक महिलेने दिलेल्या माहितीनुसार."

सासूबाईंचा हात थांबला.

"ह्यां मिया सांगलंय," त्या म्हणाल्या.

मला वाटलं, त्या सहज म्हणत आहेत, की असं तर मीही सांगितलं असतं. तसं नव्हतं. त्यांनी विळी बाजूला ठेवली आणि सांगायला लागल्या. गुरुनाथ तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा होता. शिमग्याच्या दिवसांत एक उंच साहेब आले होते. गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून खाडीत उतरले आणि बुटांसकट रुतले. सासूबाईंनी आणि शेजारच्या दोघींनी त्यांना ओढून काढलं, बूट चिखलातच राहिले. मग तीन दिवस ते सासूबाईंच्या मागोमाग अनवाणी फिरले. दुपारचं जेवण आमच्याच ओटीवर. प्रत्येक गोष्ट वहीत लिहून घ्यायचे.

"फुडे वाच," त्या म्हणाल्या.

मी पुढचं सांगितलं. वीण फाल्गुन-चैत्रात.

"आणि दसऱ्याचां? दसऱ्याचां मिया पयलां सांगलंय. तां खंय आसा?"

मी म्हटलं, ते लेखात नाही. मला वाटलं, आपलं नाव कुठंच नाही याचं त्यांना वाईट वाटत असेल. पण त्यांचं लक्ष तिकडं नव्हतंच. त्यांनी मला विचारलं, सोसायटीची बंदी याच लेखावरून आली ना. मी हो म्हटलं.

"म्हंजे आमची ती बंदी माज्या तोंडातसून निघाली?"

त्यांनीच सांगितलेली अर्धी गोष्ट फिरून त्यांच्याच दारात नियम होऊन आली होती. वीस वर्षं शिमग्यात वाडीतल्या बाया घरी बसत होत्या, सोसायटीला शिव्या घालत होत्या, आणि सासूबाईही त्यांच्याबरोबर घालत होत्या. मुळे संपत चालले होते ते वेगळंच.

त्यांनी पदरानं हात पुसले. मग मला विचारलं, तुझ्या पुस्तकात माझं नाव आहे का. गुरुनाथनं त्यांना कधीतरी सांगितलं असणार. मी खरं काय ते सांगितलं, की होतं, सकाळी काढलं, मॅडम म्हणाल्या म्हणून. ऋणनिर्देशात घालणार आहे हेही सांगितलं. ऋणनिर्देश म्हणजे काय ते समजावून सांगावं लागलं. आभार, असं म्हटल्यावर त्यांना कळलं.

"आभार कित्याक? मिया काय तुका उसनी साखर दिलंय?" त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे सरळ बघून, एकेक शब्द सावकाश बोलल्या. "माजां नाव घाल. जंय मिया सांगलंय, थंयच घाल. अर्धां सांगून गप रवलंय, असां कोणी म्हणाक नको."

मी लॅपटॉप तिथंच ओटीवर उघडला. त्यांना पडद्यावर दाखवत दाखवत एकेक संदर्भ परत जिथल्या तिथं टाकला. क्रमांक पुन्हा पुढे सरकले. जपानी बाई अठ्ठ्याऐंशीवर गेल्या. त्यांनी ते सगळं नीट पाहिलं आणि पुन्हा विळी पुढ्यात ओढली.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना फोन केला. नाव परत घातलंय म्हणून सांगितलं आणि का ते सांगितलं. मग त्या म्हणाल्या, तुझा प्रबंध आहे, माझी सही मी करीन. पण बोरवणकर सरांनी विचारलं तर मी मध्ये पडणार नाही. मी पडू शकणार नाही. त्यांच्या आवाजात राग नव्हता, काळजी होती. मला ती जास्त जड गेली.

प्रबंध विद्यापीठात जमा झाला. सहा महिन्यांनी तोंडी परीक्षेचं पत्र आलं. परीक्षक: डॉ. रत्नाकर बोरवणकर.

तोंडी परीक्षा सर्वांसाठी खुली असते. कुणीही येऊन बसू शकतं. सासूबाई म्हणाल्या, मी येणार. गुरुनाथनं त्यांना समजावून पाहिलं, की सगळं इंग्रजीत असतं, तुला कंटाळा येईल. त्यांनी ऐकलं नाही. येऊ नका, असं मीही म्हटलं नाही. पहाटेच्या एसटीनं आम्ही तिघं निघालो. त्यांनी हिरवं लुगडं नेसलं होतं, केसात अबोलीचा गजरा होता. एवढ्या लांब त्या पहिल्यांदाच येत होत्या.

विभागाच्या सभागृहात तीसेक माणसं होती. प्राध्यापक, संशोधन करणारे विद्यार्थी, मागच्या रांगेत इक्बाल मुजावर. सासूबाई आणि गुरुनाथ दाराजवळ बसले. बोरवणकर सर पहिल्या रांगेत, मध्यभागी. सत्तरीला टेकलेले, उंच, पाठ अजून ताठ. माझ्या प्रबंधात त्यांनी जागोजागी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या.

मी अर्धा तास बोलले. मग त्यांचे प्रश्न सुरू झाले. नमुने किती, कुठून, भरतीच्या कोणत्या वेळी. स्लाइड्स कोणत्या पद्धतीनं रंगवल्या. दुसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरचा आकडा इतका वर का. एकेक चिठ्ठी ते उलटत गेले, आणि एकेका उत्तरानं माझा आवाज मोकळा होत गेला. त्या चिखलातली प्रत्येक मूठ मी स्वतः उचलली होती. तिथं मला कुणी अडवू शकणार नव्हतं.

मग त्यांनी शेवटची चिठ्ठी उलटली आणि मराठीत बोलले.

"संदर्भ क्रमांक सत्त्याऐंशी."

सबनीस मॅडमनी खाली बघितलं.

"तज्ज्ञांनी तपासून छापलेला एक लेख आहे. माझा आहे, पण ते सोडा. तो एकच वीण सांगतो. तुम्ही त्याच्यासमोर एक मुलाखत ठेवता. मुलाखत देणाऱ्या बाईंचं आणि तुमचं आडनाव एक. मी याला संदर्भ का म्हणू?"

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. सहा महिने मी त्याचं उत्तर घोकलं होतं, इंग्रजीत. पण प्रश्न मराठीत आला होता. मग मी जे होतं ते साध्या मराठीत सांगितलं.

"सर, मुलाखत आधीची आहे, नमुने नंतरचे. ध्वनिमुद्रणाची तारीख नोंदीत आहे. वीण दोनदा होते हे मला नमुन्यांतून कळलं नाही. या बाईंनी सांगितलं, मग मी तपासलं. जे त्यांनी सांगितलं ते मी शोधलं असं लिहिलं असतं, तर ती चोरी झाली असती. त्या माझ्या सासूबाई आहेत म्हणून मी त्यांचं नाव लपवलं असतं, तरीही चोरीच झाली असती."

मी त्यांच्या लेखाची प्रत वर धरली.

"आणि दुसरं असं, की या संदर्भावर तुम्हीही विश्वास ठेवलेला आहे. तुमच्या लेखात पान सातवर एक स्थानिक महिला आहे. ती महिला आणि क्रमांक सत्त्याऐंशी एकच आहेत."

सभागृहात खुर्च्या करकरल्या. बोरवणकर सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"त्यांनीच सांगितलं. त्या इथं आल्या आहेत."

सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. सासूबाईंना आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे समजलं होतं. त्या उभ्या राहिल्या. मान देण्यासाठी नाही, पुढच्यांच्या डोक्यांमुळे त्यांना सरांचा चेहरा दिसत नव्हता म्हणून. सरही वळून उभे राहिले.

"तुमचे बूट अजून थंयच आसत," सासूबाई म्हणाल्या.

सर हसले. आवाज न करता, खांदे हलवत हसले. मग गंभीर झाले आणि त्यांनी विचारलं, तुम्ही मला दसऱ्याचं सांगितलं होतं का.

"सांगलंय. पयल्याच दिवशी. तुमी जेवक बसले हुते. माका वाटला, जेवताना लिवक गावला नसात."

आता मागच्या रांगेतले काही जण हसले. सर हसले नाहीत. ते परत माझ्याकडे वळले, पण बोलले ते सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"मी लिहिलं होतं," ते म्हणाले. "जेवण झाल्यावर लिहिलं. वहीत आहे ते. पण मी आलो होतो मार्चमध्ये. मार्चचे नमुने माझ्या हातात होते, ऑक्टोबरचे नव्हते. परत यायला जमलं नाही. तेव्हा जे पाहिलं तेवढं छापलं, जे ऐकलं ते गाळलं. गाळलं, याला माझी हरकत नाही. पण गाळलं आहे, हे मी लिहायला हवं होतं. आणि हे कुणी सांगितलं तेही. नावही वहीत होतं."

त्यांनी पुन्हा दाराकडे पाहिलं.

"तेव्हा तशी पद्धत नव्हती, असं मी म्हणू शकतो. पण पद्धत कुणीतरी पाडायची असते. ती मी पाडली नाही, या मुलीनं पाडली."

त्यांनी माझा प्रबंध मिटला. मग परीक्षकाच्या कोरड्या आवाजात दोन सूचना दिल्या. यादीला कुणी हात लावायचा नाही. आणि जिथं जिथं त्यांच्या लेखाचा निष्कर्ष दिला आहे, तिथं त्यापुढे 'अपूर्ण' हा शब्द घालायचा. त्यांनी स्वतः हे तसंच अहवालात लिहिलं आणि खाली सही केली.

विभागप्रमुखांनी निकाल जाहीर केला तेव्हा टाळ्या वाजल्या. सबनीस मॅडमनी मला जवळ घेतलं. मुजावर मागून आले आणि फक्त एवढंच म्हणाले की नाव आणि तारीख, बघा. माझं लक्ष दाराकडे होतं. बोरवणकर सर सासूबाईंपुढे हात जोडून उभे होते, आणि सासूबाई त्यांना विचारत होत्या की सोसायटीला कागद कधी लिहिताय.

सरांनी आठवड्याच्या आत लिहिला. नुसता सोसायटीला नाही, ज्या मासिकात तो लेख आला होता त्यालाही. वीस वर्षांनी तिथं दुरुस्ती छापून आली. त्यात माझ्या प्रबंधाचा उल्लेख होता आणि द्वारका खवणेकर हे नाव पूर्ण होतं, गावासकट.

सोसायटीच्या सभेत मात्र कागदानं काम भागलं नाही. कागद आणायला काय, कुणीही आणेल, असं एक-दोघांनी म्हणून पाहिलं. आधी शिमग्याची बंदी घातली, आता दसऱ्याची घालणार, उद्या गणपतीची घालाल. सासूबाई उठल्या. मी आजवर त्यांना सभेत बोलताना पाहिलं नव्हतं. त्यांनी सांगितलं की शिमग्याचंही मीच सांगितलं होतं आणि दसऱ्याचंही मीच सांगते आहे. तेव्हा कुणाचं म्हणणं आहे ते तुम्हाला माहीत नव्हतं, म्हणून तुम्ही कुणाला विचारू शकला नाहीत. आता नाव लिहिलेलं आहे. चुकलं तर माझ्या दारात या.

दाराशी उभ्या असलेल्या बायांनी आधी हात वर केले. मग आतल्या पुरुषांनी केले. त्या वर्षी दसऱ्यापासून दिवाळी संपेपर्यंत खाडीत कुणी उतरलं नाही, आणि शिमग्यात वीस वर्षांनी पहिल्यांदा सगळ्या उतरल्या. तिसऱ्या वर्षी खाजणाच्या बाजूला काळ्या चिखलात बोटभर अंतरावर भोकं दिसायला लागली. सासूबाईंनी मला हाताला धरून नेलं आणि दाखवलं. नुसत्या भोकांकडे बोट करत राहिल्या, इथं, इथं, इथं.

याला आता बरीच वर्षं झाली. मी कॉलेजात कायम झाले, विभाग माझ्याकडे आला. सासूबाईंनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे, खाडी सोडलेली नाही. त्यांच्या मुलाखतीचा संदर्भ आता इतरांच्या लेखांतही येतो. कुणी माझ्या प्रबंधातून उचलतं, कुणी सरांच्या दुरुस्तीतून. सॉफ्टवेअरमध्ये एकदा नोंद झाली की ती एकाकडून दुसऱ्याकडे आपसूक जात राहते.

गेल्या महिन्यात रत्नागिरीकडची एक मुलगी माझ्या खोलीत आली. नुकतंच संशोधन सुरू केलेली, हातात लॅपटॉप, पडद्यावर संदर्भांची लांबलचक यादी. तिला विषयातल्या जाणकार माणसांना भेटायचं होतं. बरीच नावं परदेशातली होती, एक-दोन माणसं हयात नव्हती. तिनं एका ओळीवर बोट ठेवलं.

"मॅडम, या डॉ. द्वारका खवणेकर कुठल्या विद्यापीठात असतात? यांचा ईमेल कुठंच मिळत नाही. वेळ घेऊन भेटायचं होतं."

मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत तिथी पाहिली, मनात हिशेब केला.

"उद्या सकाळी साडेआठला सातेरवाडीला ये, खाडीवर," मी म्हटलं. "तेव्हा पाणी उतरलेलं असतं. चपला घालून येऊ नकोस."